सल्ल्याचं मोल

शेतात विहीर खणायची ठरली, की आपल्या वऱ्हाडात अजूनही कुठं कुठं पाणाड्याला बोलावणं जातं. त्याच्या विद्येवर भरवसा ठेवावा की नाही, हा आजचा विषय नाही. आजचा विषय आहे त्याच्या बिदागीचा. समजा, तुम्ही त्याला म्हणालात, "बाबा, विहिरीला जेवढा खर्च येईल त्याच्या शेकडा पाच तुझे." मग तो पाणी कुठं दाखवील? तीस हातांवर की साठ हातांवर? माणूस सज्जन असेलही. पण मोह तुम्हीच त्याच्यापुढं मांडून ठेवलात की नाही?

आता विहीर बाजूला ठेवू आणि विमानतळाकडे वळू. अमरावतीच्या दक्षिणेला सुमारे १५ किलोमीटरवर बेलोरा आहे. तिथली जुनी आखूड धावपट्टी वाढवून १८५० मीटर करण्यात आली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून पहिलं प्रवासी विमान तिथं उतरलं. अकोल्याजवळचा शिवणीचा विमानतळ तर त्याहून कितीतरी जुना, १९४३ सालचा. त्याची धावपट्टी १४०० मीटरांच्या आसपासची. ती वाढवायची तर कृषी विद्यापीठाची जमीन लागते, आणि हा प्रश्न बरीच वर्षं गाजला.

पारावर बसलेला एखादा म्हणेल, "आपल्याले काय करायचं बाप्पा विमानाशी? आपली एस.टी. बरी." खरं आहे. पण विमानात न बसणाराही काडेपेटीपासून डिझेलपर्यंत कर भरतोच. सरकारी पैशातून होणाऱ्या विमानतळात त्याचाही वाटा आहे. म्हणून त्यातल्या एका खर्चाचा हिशेब आज आपण समजून घेऊ. तो खर्च म्हणजे सल्लागाराची फी.

विमानतळ वाढवायचा म्हणजे मुरूम टाकला आणि रोलर फिरवला, इतकं ते सोपं नाही. आधी जमिनीची मोजणी करावी लागते. विमानाच्या वाटेत टेकडी, मनोरा, उंच झाडं येतात का ते पाहावं लागतं. पावसाचं पाणी कुठं काढायचं, धावपट्टी किती जाड हवी, दिवे कुठं लावायचे, हे सगळं ठरवावं लागतं. मग नकाशे, अंदाजपत्रक आणि टेंडरचे कागद तयार होतात, आणि पुढं कामावर देखरेखही लागते. हे काम सल्लागार मंडळी करतात.

यात मातीची तपासणी आपल्याकडे फार महत्त्वाची. वऱ्हाडची काळी माती कपाशीला आईसारखी, पण बांधकामाला सावत्र. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या भिंती तडकतात, हे आपण पाहतोच. अशा जमिनीवर धावपट्टी करायची तर ठिकठिकाणी खोल छिद्रं घेऊन माती तपासावीच लागते. तिथं चार पैसे वाचवले आणि पुढं धावपट्टीच खचली, तर त्या काटकसरीला काय म्हणायचं? तेव्हा सल्लागाराची फी जास्त म्हणजे लूट आणि कमी म्हणजे बचत, असा सोपा हिशेब इथं चालत नाही.

मग फी वाजवी आहे की नाही, हे ठरवायचं कसं? पहिली गोष्ट, काय काय काम करून घ्यायचं ते कलमवार लिहून काढायचं. "विमानतळाचा आराखडा करणे" एवढंच लिहिलं, तर पुढं प्रत्येक गोष्ट जादा काम ठरते, आणि त्याचे पैसे वेगळे.

दुसरी गोष्ट, सल्लागाराचा आकडा पाहण्याआधी आपला स्वतःचा अंदाज तयार ठेवायचा. बैलबाजारात जाणारा शहाणा शेतकरी बैलाची किंमत आधी मनाशी ठरवून जातो. दलालाचा आकडा ऐकून ठरवत नाही. तसंच हे. कोणत्या कामाला कोणता माणूस, किती दिवस, काय दरानं. शिवाय प्रवास, प्रयोगशाळा, कचेरीचा खर्च आणि वाजवी नफा. हे सारं मांडलं, की दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहता येते. समजा, आपल्या अंदाजात मातीची छिद्रं २४ आणि सल्लागाराच्या कागदात ८. मग त्याची फी कमी का, ते तिथंच उमगतं. किंवा मुख्य इंजिनियरचे आपण धरले २० दिवस आणि त्यानं लावले ६०. मग विचारायचं, "साहेब, हे ४० दिवस कशाचे?" उत्तर पटलं तर मान्य करायचं, नाही पटलं तर फी कमी करून घ्यायची, आणि दोन्ही गोष्टी कागदावर लिहून ठेवायच्या.

अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. त्यानुसार केंद्र सरकार अशा कामासाठी आधी लायकी पाहून सल्लागार निवडतं आणि फीची बोलणी मागाहून करतं. सरकारी अनुदानावर तिथले विमानतळ सुधारायचे, तर मोठ्या कामात बोलणीला बसण्याआधी असा स्वतंत्र अंदाज करावाच लागतो. आणि बांधकामाच्या खर्चावर शेकडेवारीनं फी देण्याला तिथं मनाई आहे. पाणाड्याची गोष्ट त्यांनाही कळली म्हणायची!

आपल्या केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या वित्तीय नियमांत एक वेगळी रीत आहे. तीत गुणवत्ता आणि किंमत, दोहोंना गुण देतात. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे उदाहरण फळ्यावर मांडून पाहावं. पहिल्या सल्लागाराला गुणवत्तेचे ९० गुण, फी ५० लाख. दुसऱ्याला ८० गुण, फी ४० लाख. सर्वांत कमी फीला १०० गुण, म्हणून पहिल्याला फीचे ८० गुण मिळतात. आता गुणवत्तेला ७० आणि फीला ३० असं वजन दिलं, तर पहिल्याचे होतात ८७ आणि दुसऱ्याचे ८६. पहिला जिंकला. तेच वजन ६० आणि ४० केलं, तर पहिल्याचे ८६, दुसऱ्याचे ८८. दुसरा जिंकला! माणसं तीच, पाकिटं तीच. फक्त तागडी बदलली. म्हणून ही तागडी पाकिटं उघडण्यापूर्वी जाहीर झालेली असली पाहिजे. मागाहून कोणी तिला बोट लावता कामा नये.

तिसरी गोष्ट, पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे. आधी पाहणीचा अहवाल, त्याचे पैसे. जमिनीचा प्रश्न सुटला की मग बारीक नकाशे, त्यांचे पैसे. जमीन हाती नसताना सगळे नकाशे करून घेतले आणि मध्ये दहा वर्षं गेली, तर कागद शिळे होतात. पुन्हा मोजणी, पुन्हा फी. पेरणीआधीच खळ्याची मजुरी देऊन टाकण्यासारखं ते आहे.

श्रोतेहो, हे सारं साहेबलोकांनी पाहायचं, आपण काय करणार, असं म्हणू नका. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला. दहा रुपये भरून कोणीही अर्ज करू शकतो. काम देऊन झाल्यावर विचारा: कामाची यादी कुठं आहे? कचेरीचा स्वतःचा अंदाज किती होता, आणि कोणत्या तारखेचा? फी ठरली किती आणि बांधकामाच्या खर्चाबरोबर ती वाढते का? यातली तारीख नीट पाहा. अंदाज जर सल्लागाराच्या पत्रानंतरचा असेल, तर तो अंदाज नव्हे, नक्कल समजावी.

आणि विमानतळ दूर राहिला, तरी गावात शाळेची खोली आहे, पाण्याची टाकी आहे. तिचे नकाशे करणाऱ्यालाही आपण फी देतोच. पुढच्या ग्रामसभेत एवढं एकच विचारून पाहा: "याची फी खर्च वाढला की वाढते, की काम झालं की मिळते?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की पुष्कळ गोष्टी आपोआप कळतील.