रात्री नऊची गोळी



आमच्या शेजारच्या वहिनींनी काही वर्षांपूर्वी आपली एक किडनी मुलाला दिली. तेव्हापासून त्या घराचं घड्याळ एका गोळीवर चालतं. सकाळी नऊ, रात्री नऊ. लग्नघर असो की एसटीचा प्रवास, नऊ वाजले की मुलाचा हात खिशाकडे जातो. औषधाचं नाव टॅक्रोलिमस. मी रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, म्हणून वहिनींनी एकदा विचारलं, "भाऊजी, ही गोळी आत जाऊन नेमकं करते काय?" मी म्हटलं, "आधी एका एन्झाइमला चिकटते." यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते उत्तर आज पुरं करणं भाग आहे.

त्या एन्झाइमचं काम प्रथिनांवर चालतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ही माळ नुसती लांबलचक असून चालत नाही, तिची ठरलेली घडी बसावी लागते. आता हातात हात धरून उभ्या असलेल्या माणसांची रांग डोळ्यांपुढे आणा. या रांगेत एकच गडी असा, की त्याने आपला एक हात विठोबासारखा स्वतःच्याच कमरेवर ठेवलाय, आणि तो तिथे पक्का चिकटलाय. हा आपला प्रोलीन. त्याची बाजूची साखळी वळून स्वतःच्याच कण्यातल्या नायट्रोजनला जोडलेली असते. त्यामुळे त्याच्या आधीचा जोड दोन तऱ्हांनी बसू शकतो. एका तऱ्हेत माळ सरळ पुढे जाते, तिला ट्रान्स म्हणतात. दुसरीत ती एकाच अंगाला मुरडते, ती सिस. इतर अमिनो आम्लांपाशी सिस जोड हजारात एखादा सापडला तरी पुष्कळ. प्रोलीनपाशी मात्र शंभरात पाच-सहा असतात.

एका तऱ्हेतून दुसरीत जायला हा जोड सहजासहजी वळत नाही. आपल्या आपण वळायचा म्हटला तर कित्येक सेकंद, कधी मिनिटंही लागतात. पेशीतली बरीच कामं सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतात, तिथे मिनिट म्हणजे युगच. हा जोड झटकन वळवणारी एन्झाइमं म्हणजे प्रोलिल आयसोमरेज. ती काही तोडत नाहीत, काही जोडत नाहीत. फक्त फिरवतात.

१९८४ साली गुंटर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे एन्झाइम दाखवून दिलं. गाव हाले, तेव्हाच्या पूर्व जर्मनीतलं. त्यांची युक्ती मला फार आवडते. त्यांनी प्रोलीन असलेली एक छोटी माळ घेतली आणि तिच्यावर कायमोट्रिप्सिन सोडलं. हे कायमोट्रिप्सिन फक्त ट्रान्स माळा कापतं. सिस माळा आपोआप वळेपर्यंत त्याला थांबावं लागतं. मग त्यात एक अर्क घातला, आणि ते थांबणं एकदम कमी झालं. म्हणजे अर्कात वळवणारं कुणीतरी होतं! तो अर्क होता डुकराच्या किडनीचा. किडनी इथे अशी पहिल्यापासूनच आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत येल विद्यापीठात रॉबर्ट हँडशुमाकर वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध मिळालं होतं आणि ते अवयव रोपणात वापरात आलं होतं. ते पेशीत कुणाला चिकटतं? हँडशुमाकरांना गुरांच्या थायमस ग्रंथीत एक प्रथिन सापडलं, त्याला त्यांनी सायक्लोफिलिन नाव दिलं. पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, एका जर्मन आणि एका जपानी गटाने दाखवलं की सायक्लोफिलिन आणि फिशरांचं एन्झाइम एकच आहे. टॅक्रोलिमस ज्या प्रथिनाला चिकटतं ते एफकेबीपीही जोड फिरवणारंच निघालं.

मग सगळ्यांनी सरळ हिशेब मांडला: औषध एन्झाइम बंद पाडतं, म्हणून प्रतिकारशक्ती थंडावते. हिशेब चुकीचा होता. कारण रॅपामायसिन नावाचं तिसरं औषध त्याच एफकेबीपीला चिकटतं, त्याचं फिरवणंही थांबवतं, पण परिणाम निराळाच करतं. (हे औषध ईस्टर बेटाच्या मातीतलं. ते वेगळं काढणारे सुरेंद्रनाथ सेहगल आपले, पंजाबात जन्मलेले. त्यांच्यावर वेगळं भाषण द्यावं लागेल.) उलगडा १९९१ मध्ये श्रायबर आणि क्रॅबट्री या शास्त्रज्ञांच्या गटांनी केला. गोळी एन्झाइमला नुसती गप्प बसवत नाही. ती त्याला सोबत घेऊन तिसऱ्याच्याच दारात धरणं धरते. तो तिसरा म्हणजे कॅल्सिन्यूरिन. त्याची वाट अडली की टी-पेशींना "परका आलाय, चला" हा हुकूमच पोचत नाही, आणि आईची किडनी मुलाच्या पोटात सुखाने राहते. पण कॅल्सिन्यूरिन किडनीतही असतं. म्हणून हीच गोळी जास्त झाली तर त्याच किडनीला बाधते.

मग एन्झाइमाचं स्वतःचं काम महत्त्वाचं की नाही? १९९७ मध्ये यीस्टमधून सायक्लोफिलिन आणि एफकेबीपी या दोन्ही घराण्यांची बाराच्या बारा एन्झाइमं काढून टाकली, तरी यीस्ट जगलं! माणसाचं तसं नाही. आपल्या हाडांतलं कोलॅजेन प्रोलीनने ठासून भरलेलं असतं. सायक्लोफिलिन बी बिघडलं तर मूल ठिसूळ हाडं घेऊन जन्मतं. एचआयव्हीचा विषाणू तर आपलं सायक्लोफिलिन ए स्वतःच्या कवचाला लावून घेतो.

आणि तिसऱ्या घराण्यातलं पिन१. ते १९९६ साली उजेडात आलं. प्रोलीनच्या आधी फॉस्फेटची खूण असेल तरच ते हात लावतं. पुष्कळ कर्करोगांत ते फाजील वाढलेलं दिसतं. उलट ज्या उंदरांत ते मुळीच नाही, त्यांच्या मेंदूत म्हातारपणी टाऊ प्रथिन बिघडतं आणि चेतापेशी मरतात, थेट अल्झायमरची आठवण व्हावी तशा. म्हणजे एका रोगासाठी जे दाबायचं, ते दुसऱ्यासाठी जपायचं. औषध शोधणाऱ्यांची इथे खरी पंचाईत आहे.

वहिनींचा आणखी एक प्रश्न राहिला. मुलाची टॅक लेव्हल, म्हणजे रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी, तपासायची असते, त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. त्यांनी पाहिलं होतं की लॅबवाले इतर तपासण्यांसाठी रक्त गोठू देऊन वरचं पाणी घेतात, हिच्यासाठी मात्र न गोठणारं, सबंध रक्त. असं का? कारण तांबड्या पेशींत एफकेबीपी भरपूर असतं. गोळीचा बहुतेक अंश तिथेच, त्या एन्झाइमाला धरून बसलेला असतो. वरच्या पाण्यात शोधला तर हाती फारसं काही लागणार नाही.