डोंगरातली दिवस-रात्रीची शर्यत



रानात चकवा लागतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. माणूस अंधारात वाट चुकतो, तासन् तास चालतो, आणि फिरून त्याच झाडापाशी येतो. म्हातारीकोतारी म्हणतात, भुताने फिरवले. तर २००९ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी आपला हा तपास छापला. त्यांनी माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य दिसत होता तोवर माणसे बरीच सरळ गेली. आभाळ भरून आले किंवा चंद्र ढगाआड गेला, की ती वळू लागली. काहीजण तर गोल फिरून आपलीच वाट ओलांडून गेले, आणि त्यांना वाटत होते आपण नाकासमोर चाललो आहोत! म्हणजे चकवा खरा, पण त्यात भूत नाही.

या चकव्याशी मुद्दाम झुंज घेण्याचा एक खेळ आहे. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचे आणि अनोळखी रानातून वाट काढायची. ही शर्यत मूळची नॉर्वे-स्वीडनकडची. नॉर्वेत १८९७ साली ती प्रथम सर्वांसाठी खुली झाली. ऑस्ट्रेलियात १९७६ साली तिला नवे रूप आले. रॉड, गेल आणि नील अशा तिघांच्या नावांची अक्षरे जोडून या नव्या खेळाला रोगेनिंग हे नाव पडले.

यात एकट्याला घेत नाहीत. दोन ते पाच जणांची तुकडी लागते. मोठी शर्यत चोवीस तासांची. बहुधा दुपारी सुटते ती दुसऱ्या दिवशी दुपारी संपते. डोंगराळ रानात ठिकठिकाणी नारिंगी-पांढऱ्या कापडाच्या खुणा टांगलेल्या असतात. प्रत्येक खुणेला गुण ठरलेले. दूरच्या, अवघड खुणेला जास्त. कोणती आधी गाठायची, कोणती सोडून द्यायची, ते तुकडीने ठरवायचे. सगळ्या गाठणे सहसा कुणालाच जमत नाही.

नकाशा हातात पडतो तो शर्यत सुटण्याआधी थोडे तास. मग सगळे जमिनीवर बसून तो वाचतात. हो, वाचतात! त्यात अक्षरे थोडी, रेघा फार. निळी रेघ म्हणजे ओढा. तपकिरी वाकड्या रेघा उंचीच्या. एका रेघेवरची सगळी जागा सारख्या उंचीची. रेघा दाटीने आल्या की समजावे, पुढे उभी चढण आहे. विरळ असल्या तर चाल सोपी. ज्याला हे नीट वाचता आले त्याचे पाय वाचले. बाकीचे कडा चढून दमतात आणि मग कळते, बाजूने खिंड होती. मला विचाराल तर शर्यत पायांनी अर्धीच जिंकतात. मोबाईलचा नकाशा मात्र चालत नाही.

आता कायदा ऐका. तुकडीतल्या सर्वांनी एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहायचे. खुणेपाशी सर्वांनी जायचे, एकाला पाठवून भागत नाही. म्हणजे चाल कुणाची? सगळ्यांत मागे असेल त्याची. आपल्याकडे जोडीतला एक बैल पुढे ओढू लागला तर काय होते? जू तिरपे होते आणि दोघांच्याही माना सोलतात. तसेच हे. एकाचा पाय मुरगळला तर सगळ्यांनी परतायचे. कुणी दुसरा जखमी सापडला तर शर्यत बाजूला ठेवून त्याला मदत करायची. आणि वेळेचे काय? उशीर झाला की मिनिटामिनिटाला गुण कापतात, अर्ध्या तासाहून जास्त झाला तर सगळेच गेले. रात्रभर हिंडून मिळवलेले शून्य! म्हणून शेवटच्या तासात आणखी एका खुणेचा मोह आवरावा लागतो. तिथे भांडणे होतात म्हणे, आणि व्हायचीच.

आता कुणी म्हणेल, खेळालाच एवढे कडक कायदे कशाला? याच जातीची एक शर्यत ब्रिटनमध्ये होते, दोन दिवसांची, जोडीजोडीने पळायची. तंबू, अंथरूण, शिधा सगळे पाठीवर न्यायचे. २००८ च्या ऑक्टोबरात ती तिकडच्या तळ्याडोंगरांच्या मुलखात होती. पहिल्याच दिवशी पाऊस असा कोसळला, वारा असा सुटला, की ओढ्यांना पूर आले आणि चालकांनी शर्यत थांबवली. पण हजारो माणसे डोंगरात पांगलेली, त्यांना कळवायचे कसे? त्या रात्री बातम्यांत सांगू लागले, सुमारे सतराशे माणसांचा पत्ता नाही. काय वाटले असेल घरच्यांना!

इकडे डोंगरात काय चालले होते? कुणी आडोसा बघून तंबू ठोकला होता आणि दोघे चिकटून निजले होते. कुणी गोठ्यात शिरले होते, कितीतरी जण एका दगडाच्या खाणीच्या इमारतीत. थोड्यांना लहानसहान जखमा झाल्या, काहींना गारठा बाधला. मेले कुणीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जोड्या ओली ओझी पाठीवर घेऊन आपल्या पायांनी खाली उतरू लागल्या.