पीळ आणि लवचीकपणा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेत जे बोललो तेच थोडे आवरून येथे आपल्यापुढे ठेवीत आहे. विषय शरीराचा आहे. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत शरीराला एखादे पान मिळणे ही तशी दुर्मिळ गोष्ट. आपल्या वेळापत्रकातही परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताच्या पोटात केव्हा जातो ते कळत नाही.

आपण येवल्याचे, तेव्हा मागापासूनच सुरुवात करू. पैठणीचा विणकर खड्डा मागावर बसतो. पाय खड्ड्यात, पाठ वाकलेली, मान खाली, नजर नक्षीवर. एका साडीला कित्येक आठवडे, भारी नक्षी असली तर महिनेही जातात. बोटांची कसब पाहून परगावचा माणूस थक्क होतो. पण तोच कारागीर मागावरून उठताना कमरेवर हात टेकून उठतो, हे आपण घरोघर पाहिले आहे. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे आकुंचन पावणाऱ्या अतिसूक्ष्म घटकांची साखळी असते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले की, स्नायू आखडलेल्या स्थितीत बांधून ठेवला तर काही आठवड्यांत साखळीतील कड्या कमी होतात, आणि ताणलेल्या स्थितीत ठेवला तर त्या वाढतात. शरीर जी लांबी रोज वापरतो तेवढीच सांभाळते. मागावरचा माणूस काही बांधलेला नसतो; पण दिवसचे दिवस तसाच बसला तर अंग आखडायचेच. आठ तास पुस्तकावर किंवा मोबाईलवर वाकलेल्या मुलालाही हेच लागू आहे.

आता तरुणांकडे वळतो. गावोगावी जिम निघाल्या, याचा मला आनंद आहे. पण तेथे बहुतेकांचे लक्ष आरशाकडे असते. दंड आणि छाती फुगली की झाले. वजन जड घ्यायचे आणि हालचाल अर्धीच करायची, म्हणजे पीळ दिसतो. पण त्याच मुलाला जमिनीवर उकिडवे बसायला सांगा, टाचा उचलल्या जातात. अशा शरीराला मी कमावलेले म्हणणार नाही.

आपल्या जुन्या उस्तादांची मेहनत पाहा. जोर मारताना छाती खाली जाऊन पुढे निघते, पाठीची कमान होते, मागे येताना पिंढऱ्या ताणल्या जातात. बैठकीत गुडघा पुरता मिटतो. म्हणजे ताकद आणि लांबी एकाच वेळी कमावली जाते. अलीकडच्या संशोधनानेही हेच दाखवले आहे की, संपूर्ण पल्ल्यातून केलेला ताकदीचा व्यायाम लवचीकपणा जवळजवळ नुसत्या ताणण्याइतकाच वाढवतो. गामा पैलवानाच्या जोर-बैठका हजारांत सांगतात; मोजायला कोण बसले होते, ते सोडून द्या. पण कुस्तीचा हिशेब पक्का आहे. 1910 साली लंडनमध्ये झ्बिस्को या पोलिश मल्लाने जमिनीला चिकटून राहून अडीच तासांवर कुस्ती लांबवली आणि ती बरोबरीत सुटली. 1928 साली पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामा पन्नाशीचा होता, आणि एका मिनिटाच्या आत त्याने कुस्ती मारली. समोरचाही तरुण राहिला नव्हता हे खरे. तरी पन्नाशीत तशी झेप घेणारे अंग एका हंगामात तयार होत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा उजाळा दिला आणि ती विद्या त्यांना वणीच्या सप्तशृंग गडावर स्फुरली, अशी परंपरा आहे. मल्लखांबाचा उल्लेख त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथातही आहे. एरंडेल लावलेला गुळगुळीत लाकडी खांब, त्यावर अढी, तिढी, दसरंग, सुईदोरा. स्वतःचे वजन पेलायचे आणि त्याच क्षणी अंग वेलीसारखे वळवायचे. या खांबावर नुसता पीळ कामाचा नाही आणि नुसता लवचीकपणाही नाही. आपल्या येवल्यात जन्मलेले तात्या टोपे लहानपणी ब्रह्मावर्ताला गेले आणि तेथे ही विद्या शिकले, असे मल्लखांबाच्या इतिहासात सांगितले जाते. जून 1858 मध्ये ग्वाल्हेर पडल्यानंतर एप्रिल 1859 मध्ये पकडले जाईपर्यंत ते इंग्रजी फौजांना चकवीत राजपुताना आणि माळव्यातून फिरत राहिले, मध्येच नर्मदाही ओलांडली. वय पंचेचाळिशीच्या घरात. याचे श्रेय खांबाला देण्याइतका भाबडा मी नाही. पण दहा महिने घोड्यावर टिकणारे शरीर आखडलेले नव्हते एवढे नक्की.

मग विद्यार्थ्यांनी काय करावे? थंड अंगाला हिसके देऊन ताणू नये. स्नायूत ताण ओळखणारी सूक्ष्म केंद्रे असतात. झटका बसला की ती उलट स्नायूला आकसायला लावतात. आधी पाच-दहा मिनिटे हळू धावून अंग गरम करावे, पाय झुलवावेत, कंबर फिरवावी. एकाच स्थितीत बराच वेळ ताणून धरण्याचे व्यायाम खेळानंतर करावेत. शर्यतीच्या तोंडावर ते केले तर जोर थोडा कमी पडतो. धावणाऱ्या आणि कबड्डी खेळणाऱ्या मुलांची मांडीची मागची शीर भरते, तिच्यासाठी एक सोपा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने घोटे धरावेत, आणि कंबर न मोडता शरीर शक्य तितके सावकाश पुढे झुकू द्यावे. फुटबॉल खेळाडूंवरील अभ्यासांत याने अशा दुखापती सुमारे निम्म्याने घटलेल्या आढळल्या. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, दोन खेपा, प्रत्येकी पाच वेळा. मग हळूहळू वाढवावे.

मालिशीबद्दल पालक हटकून विचारतात. अमेरिकी फुटबॉलमधील टॉम ब्रेडी 45 वर्षांचा होईपर्यंत खेळला, 2023 साली निवृत्त झाला, आणि स्नायू मऊ ठेवणाऱ्या खोल मालिशीला त्याने मोठे श्रेय दिले. तालमीतल्या वस्तादाला यात नवे काही वाटणार नाही. मालिशीने थकवा हलका होतो, अंग मोकळे वाटते. पण मेहनतीची जागा ती घेते याला पुरावा नाही.

मुलींना यातून वगळू नका. मल्लखांबाचा दोरीचा प्रकार मुली फार सुंदर करतात आणि त्याला एक भक्कम तुळई, सुती दोर, खाली जाड गादी व जाणता शिक्षक एवढेच लागते. शाळेच्या पटांगणात एक खांब उभा करायला संस्थेला फार पैसा पडणार नाही. तोवर घरात माग असेल तर तासाभराने उठा, दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून छाती पुढे काढा, दहा बैठका मारा आणि पुन्हा धोटा हाती घ्या. मुलाला बरोबर उभे करा. तुमच्या बैठका तो मोजील.