नदीतला शिंपला आणि घरातला खोकला



नांदेडजवळच्या एका खेड्यात एका आजीबाईंनी मला वाटेत अडवलं. “गुर्जी, नातू महिनाभर खोकतोय. खेकड्याचं कालवण देऊ का शिंपल्याचं?” प्रश्न साधा, पण उत्तरासाठी शिंपल्याच्या पोटात शिरावं लागतं.

गोदावरी-मांजरेच्या गाळात काळपट, लांबट शिंपला अर्धा रुतून बसलेला असतो. शास्त्रज्ञ त्याला लॅमेलिडेन्स म्हणतात. पाणी गाळून त्यातलं बारीक शेवाळ खायचं, हा त्याचा उद्योग. ताजा शिंपला उघडला तर जठराशी काचेसारखी पारदर्शक, मऊ काडी सापडते. जिवंतपणी ती गरगर फिरत असते आणि झिजता झिजता पाचक रस सोडते. त्या रसात ॲमिलेझ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते पिठाची साखर करतं. आपल्या लाळेतही याच जातीचं विकर आहे. गुरुजींनी वर्गात पातळ, गार पेजेत लाळ मिसळून दहा-पंधरा मिनिटं ठेवावी आणि मग आयोडीनचा थेंब टाकावा. नुसत्या पेजेला येतो तसा गडद निळा रंग येत नाही. मुलं हे विसरत नाहीत.

शिंपल्यात आणखी एक विकर सापडतं : लायसोझाइम. ते काही जंतूंचं कवच फोडतं. माणसाच्या नाकातल्या स्रावात फ्लेमिंगने ते १९२२ साली दाखवलं होतं. दिवसभर जंतूंचं पाणी गाळणाऱ्या प्राण्याला असं हत्यार लागणारच! प्रयोगशाळेत शिंपल्याचं मांस वाटून अर्क काढतात, त्यात कागदाची टिकली भिजवतात आणि जंतू पेरलेल्या बशीत ठेवतात. टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटलं, की अर्कात काही गुण आहे असं समजायचं.

पण बशी म्हणजे रोगी नव्हे. विकर हे प्रथिन. चुलीवर उकळलं की त्याचं काम बंद पडतं. उरलंसुरलं आपलं पोट पचवून टाकतं. शंखाच्या विषातल्या एका द्रव्यावरून बनवलेलं झिकोनोटाइड हे वेदनाशामक २००४ साली अमेरिकेत मान्य झालं खरं, पण ते मणक्यातल्या द्रवात थेंबाथेंबाने सोडतात. रश्श्यातून वाढत नाहीत.

खेकड्याची गोष्ट तर उलटीच. अर्धाकच्चा खेकडा खाल्ल्याने फुप्फुसात एक चपटा कृमी शिरू शकतो. मणिपुरात असे रोगी आढळले आहेत. खोकला, थुंकीत रक्त, सगळं क्षयासारखं. म्हणजे औषध म्हणून घ्यावं, तर तेच दुखणं देऊन जायचं!

म्हणून आजीबाईंना सांगितलं, “दोन आठवड्यांवर खोकला राहिला की थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. उद्याच न्या.”

“अन् कालवण?”

“करा की, चांगलं शिजवून. पण गावचा नाला नदीला मिळतो तिथला शिंपला घेऊ नका. तो पाणी गाळतो, तसं पाण्यातलं शिसंही अंगात साठवतो, अन् शिसं काही शिजून जात नाही.”