मागच्या बोळातली शतावरी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, पक्षी सप्ताहानिमित्त आवारात झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे वेळ आणि हिशेब दोन्ही पाळायची सवय आहे. घड्याळ समोर ठेवूनच बोलतो.

५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारीख डॉ. सालिम अलींचा. पक्षी बघायचे म्हटले की आपण अनेर धरणाकडे जायचा बेत करतो. जरूर जावं. पण आज मी तुम्हाला फक्त आपल्या मागच्या बोळापर्यंत नेणार आहे.

तो बोळ सगळ्यांच्या माहितीचा आहे. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जेमतेम पाच फूट जागा. सकाळी तासभर ऊन येतं, मग दिवसभर सावली. तिथे गुलाब लावून झाला, जास्वंद लावून झाली, काही टिकलं नाही. आमच्या मंडळींना तुम्ही सगळे काकू म्हणत होता. मुलीच्या बाळंतपणात घरी शतावरी कल्पाचा डबा आला, तेव्हा त्यावरचं चित्र बघून काकू म्हणाल्या, "ही तर आपल्या सातपुड्यातली. इथे का नाही लावायची?" आणि रोपवाटिकेतून एक रोप घेऊन आल्या.

मी विरोध केला. काटे असतात, मुलं खेळतात, कशाला नसती भानगड? त्यांनी ऐकलं नाही, हे आज सांगताना बरं वाटतं.

आता या झाडाविषयी थोडं. शतावरीची जी बारीक, सुईसारखी पानं दिसतात, ती खरी पानं नव्हेतच, त्या बारीक फांद्या आहेत. खऱ्या पानांचे खवले आणि काटे झालेले असतात. जमिनीखाली बोटाएवढ्या जाड मुळ्यांचा झुबका असतो, म्हणून संस्कृतात तिला शतमूली असंही म्हणतात. पावसाळ्यात कोवळे कोंब फुटतात. रानभाजी म्हणून ते खातात. मग बारीक पांढरी फुलं येतात, त्यांना छान वास असतो आणि मधमाश्या गर्दी करतात. त्यानंतर वाटाण्यापेक्षा लहान हिरवी फळं धरतात आणि थंडी पडली की ती लालभडक होतात. त्या दिवसांत सकाळी सात वाजता बोळात जाऊन उभे राहा. लालबुड्या बुलबुलांची जोडी आलेलीच असते. शिंपी पक्षी फळांसाठी येत नाही, तो त्या जाळीत किडे शोधत फिरतो. मुलांनो, फळं पाखरांची आहेत, तुम्ही तोंडात घालायची नाहीत.

काकू गेल्या त्या वर्षीचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. पारा पंचेचाळिसाला टेकला होता. मे महिन्यात वेल पार वाळून काड्या झाली. मला वाटलं, संपलं. आपल्या बागेचं काम करणाऱ्या दादांना सांगितलं, मुळासकट काढून टाका. त्यांनी माती थोडी उकरून बघितली आणि म्हणाले, "अप्पा, ती मरेल नही, जपेल शे."

आपल्या अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. मराठीत जपणं म्हणजे सांभाळणं. मी कुदळ परत ठेवायला सांगितली. मृगाचा पाऊस झाला आणि आठ दिवसांत तीन कोंब वर आले. मी तिथेच पायरीवर बसलो. त्यापुढचं सांगत नाही.

तेव्हापासून तिची देखभाल मी करतो. चुका केल्या, त्या सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिली चूक, प्रेमापोटी रोज पाणी घातलं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, एका बाजूच्या मुळ्या कुजल्या. आता वाळू आणि शेणखत मिसळून वाफा उंच केला आहे. दुसरी चूक, नुसती मुळी तोडून दुसरीकडे लावली. ती कधीच उगवली नाही. वरच्या डोळ्यासकट गड्डा वेगळा केला तरच नवं झाड होतं. तिसरी, वेल मोकळी सोडली आणि चेंडू काढताना एका मुलाचा हात ओरखडला. आता भिंतीवर तार बांधून वेल वर चढवली आहे. बी लावायचं तर काळं, कडक बी रात्रभर भिजत घालून जूनमध्ये पेरा आणि धीर धरा, उगवायला महिनाही लागतो. फळं दिसायला दोन-तीन वर्षं जातात. आणि एक हात जोडून विनंती, जंगलातून उपटून आणू नका. औषधासाठी मुळं खणली की झाड संपतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मुळं ही मुद्दल आहे आणि फळं व्याज. व्याज पाखरांना द्या, मुद्दलाला हात लावू नका.

पाखरं ते व्याज परत आणून देतात बरं का! कडुनिंबाखाली आणि गेटजवळच्या कुंपणात शतावरीची दोन रोपं उगवली आहेत. ती कोणी लावलेली नाहीत. बुलबुलांनी फळं खाल्ली आणि बी तिथे टाकलं.

शेवटचा मुद्दा. येत्या सर्वसाधारण सभेत त्या बोळात पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय आहे. दुचाकींना जागा पुरत नाही, ही अडचण खरी आहे. पण मला एक कबुली द्यायची आहे. पुढचं सगळं आवार सिमेंटचं करायचा ठराव झाला, त्यावर खजिनदार म्हणून माझीच सही आहे. ज्या तालुक्यात सुरेश खानापूरकर साहेबांनी नाले रुंद-खोल करून, बंधारे बांधून पाणी जमिनीत मुरवायचा शिरपूर पॅटर्न उभा केला, बाहेरगावचे लोक तो बघायला येतात, त्याच तालुक्यात आम्ही आमच्या दारातलं पाणी गटारात सोडलं. तेव्हा सोय दिसली, हे दिसलं नाही.

माझी सूचना साधी आहे. पाचपैकी भिंतीलगतची दोन फूट माती तशीच सोडा आणि उरलेल्या तीन फुटांत ब्लॉक बसवा. गाड्या एका रांगेत बसतात, मी टेप लावून मोजलं आहे. वाफ्याचा खर्च आणि राखण मी जिवंत आहे तोवर माझ्याकडे. पुढची जबाबदारी या सतरंजीवर बसलेल्यांनी घ्यावी.

फळं पिकली की बी काढून पुड्या बांधून ठेवीन. ज्यांच्या घराला सावलीची बाजू आहे, त्यांनी जूनच्या आधी घरी येऊन घेऊन जावी. चहाही होईल.

दहा मिनिटं झाली.