दारावरचा व्यापारी : भंगारवाला



सुवर्ण महोत्सवाच्या व्यासपीठावरून सहसा मोठ्या पेढ्यांचा आणि मोठ्या देणगीदारांचा गौरव होतो, आणि ते उचितच आहे. तथापि व्यापारी समाजाच्या मेळाव्यात सर्वांत लहान व्यापाऱ्याचीही दखल घेतली जावी, या हेतूने प्रस्तुत विषयाची निवड झाली आहे. हा व्यापारी म्हणजे हातगाडी ढकलत गल्लोगल्ली फिरणारा भंगारवाला. कोणी त्याला हमाल समजते, कोणी कचरा उचलणारा, तर कोणी सरळ चोर. वास्तविक तो रोख पैसे मोजून माल विकत घेतो, मालाची प्रत ठरवतो, भाव करतो, माल वाहून नेतो आणि सायंकाळी विकून मिळालेल्या फरकावर संसार चालवतो. ज्याच्याजवळ दुकान नाही, पाटी नाही आणि वही नाही, तोही व्यापारीच असतो, हे पेठेत वाढलेल्यांना तरी निराळे सांगावे लागू नये.

प्रथम एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा निवडणारे ते वेचक. पुण्यात या कामात प्रामुख्याने स्त्रिया आहेत आणि त्यांतील बहुसंख्य दलित समाजातील आहेत. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून शहरात आणलेली कुटुंबे त्यांत पुष्कळ. भंगारवाला मात्र फेरीवाला खरेदीदार आहे. त्याला सकाळी हाती भांडवल लागते. हे भांडवल बहुधा भंगाराचा दुकानदारच देतो, गाडीही तोच देतो, आणि दिवसभराचा माल त्याच दुकानात, दुकानदार सांगेल त्या भावाने घालावा, अशी रीत असते. हातमागाच्या काळात विणकराला सूत आगाऊ देऊन त्याचे कापड बांधून घेतले जाई, त्याच जातीचा हा व्यवहार. यात दुकानदाराला सर्वस्वी दोष देता येणार नाही, कारण ज्याला कोणतीही बँक उभी करत नाही त्याला पहाटे पैसे देणारा तोच एक आहे. परंतु भाव ठरवण्याचा हक्क गमावलेला व्यापारी निम्मा मजूर होतो, हेही तितकेच खरे.

त्याचे ज्ञान पाहावे. खिशात एक लोहचुंबक आणि गाडीवर एक कानस, एवढीच त्याची प्रयोगशाळा. चुंबक चिकटला तर लोखंड. न चिकटला तर कानशीचा एक ओरखडा काढायचा. आतून लालसर दिसले तर तांबे, पिवळे दिसले तर पितळ, पांढरे आणि वजनाला हलके असेल तर ॲल्युमिनियम, ज्याला जुन्या पिढीतील गृहिणी जर्मन म्हणत. चकचकीत दिसणारा नळ आतून पितळेचा आहे की जस्तमिश्रित हलक्या धातूचा, हे त्याला हातात घेताच कळते. बीड आणि पोलाद यांत तो गल्लत करत नाही. बंद पडलेल्या पंख्यात किंवा मिक्सरच्या मोटारीत गुंडाळीची तार तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची, यावर त्याचा त्या दिवसाचा नफा अवलंबून असतो. चुकला तर तोटा त्याचाच. माल परत घेण्याची सोय या धंद्यात नाही. कापडाचा पोत बोटांनी ओळखणारे कारागीर दुर्मीळ होत चालले असताना धातूची अशी पारख रस्त्यावर शिल्लक आहे, याचे कौतुक वाटल्याखेरीज राहत नाही.

हा माल पुढे कोठे जातो? दुकानातून घाऊक गोदामात, गोदामातून भट्टीत. महाराष्ट्रात जालना हे नाव सळईसाठी प्रसिद्ध आहे. तेथील विजेच्या भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बांधकामाची सळई तयार होते. पितळेची मोड सुटे भाग बनवणाऱ्या जामनगरच्या कारखान्यांकडे वळते. खिडकीचा गंजलेला गज सळई होऊन पुन्हा एखाद्या इमारतीच्या खांबात बसतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये पोलाद भंगाराविषयीचे धोरण जाहीर केले. एक टन भंगार वापरल्याने १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो, असा हिशेब त्यात दिलेला आहे. ॲल्युमिनियमचे तर विचारूच नये. खनिजापासून ते बनवण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा जुने ॲल्युमिनियम वितळवण्यास पुरते. या सर्व बचतीची सुरुवात दारावरच्या काट्यापाशी होते; त्या बचतीचा वाटा मात्र तेथवर क्वचितच पोहोचतो.

उलट बाजारातील घसरण तातडीने पोहोचते. तांबे व ॲल्युमिनियम यांचे दर लंडनच्या धातुबाजाराकडे पाहून ठरतात. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदीने भंगाराचे दर कोसळले, तेव्हा ज्यांनी लंडन नकाशातही पाहिले नव्हते त्यांची आदल्या दिवशीची खरेदी तोट्यात गेली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि हातगाड्या जागच्या जागी थांबल्या. ज्याचे भांडवल रोजच्या रोज फिरते त्याच्याकडे महिन्याची बेगमी कोठून असणार!

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या वस्तीत भंगारवाल्याला परवानगी लागत नसे. तो हाळी देई, वरून कोणी आवाज देई, सौदा जिन्यात होई. आता शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या संकुलांना उंच कुंपण, लोखंडी फाटक, कॅमेरे आणि मोबाईलवरून प्रवेश देणारी व्यवस्था आहे. फाटकावरचा रखवालदार एकच प्रश्न विचारतो, ‘कोणाकडे जायचे?’ किराणा पोहोचवणारा मुलगा सदनिकेचा क्रमांक सांगतो. भंगारवाल्याला तो सांगता येत नाही, कारण आपले गिऱ्हाईक कोण हे त्याला हाळी दिल्यानंतरच समजते. फेरीचा धंदा मुळातच असा आहे. तेव्हा फाटक बंद राहते. त्याच संकुलात बाराव्या मजल्यावर जुना कुकर, मोडकी इस्त्री, तुटलेली घडीची खुर्ची माळ्यावर पडून असते आणि एखाद्या दिवाळीत ओल्या कचऱ्याबरोबर खाली जाते. दोघांचेही नुकसान होते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

बरे, जे मोठे भंगार निघते तेही त्याच्या वाट्याला येत नाही. इमारतीचा पुनर्विकास ठरला की दारे, गज, पाण्याच्या टाक्या, वायरिंग हे सर्व एकगठ्ठा पाडकामाच्या ठेकेदाराकडे जाते. नळाच्या लोखंडी पाइपांची जागा प्लॅस्टिकने घेतली. थोडक्यात, नव्या घरात धातू कमी, आणि जो आहे त्यापर्यंत जाण्याचा रस्ता बंद.

फाटक बंद ठेवणाऱ्यांची बाजू अगदीच निराधार आहे असे नाही. शहरांत गटारांची झाकणे, तांब्याच्या तारा चोरीला जातात आणि त्या कोठेतरी विकल्याही जातात. काट्यात दांडी मारणारेही आहेत; मापात पाप या धंद्यात शिरलेले नाही, असा दाखला कोणी देऊ शकणार नाही. परंतु कापडाच्या पेठेत आखूड मोजणारे होते म्हणून कोणी गजाची पट्टी बंद केली नाही, पट्टीवर सरकारी शिक्का आणला. येथेही उपाय तोच आहे. शिक्का मारलेला काटा, ओळखपत्र आणि लेखी पावती. चोरीचा माल जाणून-बुजून घेणे हा गुन्हा आहे, पूर्वीच्या दंड संहितेतही होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. प्रामाणिक भंगारवाला नगरपालिकेच्या झाकणाला हात लावत नाही, कारण पहिली चौकशी त्याचीच होणार हे तो जाणून असतो.

ओळखपत्राचा प्रयोग पुण्याला नवा नाही. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली आणि एसएनडीटी विद्यापीठाशी संबंधित कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. वेचकांबरोबर फेरीवाले भंगार खरेदीदारही तिचे सभासद झाले. पुणे महानगरपालिकेने या सभासदांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरच्या संकलनात उतरली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तर वेचक व असंघटित संकलक यांची व्याख्या करून त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. ज्याच्या गळ्यात ओळखपत्र आले त्याला पोलीस हवालदार निराळ्या आवाजात बोलावू लागला, हा या सर्व खटाटोपाचा सर्वांत मोठा लाभ मानावा लागेल.

कराचा विषय व्यापाऱ्यांच्या सभेत टाळता येत नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूचे भंगार नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून घेतल्यास जीएसटी भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आली. म्हणजे हातगाडीवाल्याला नोंदणीच्या फंदात पडावे लागत नाही, पण त्याच्याकडून माल घेणाऱ्या नोंदणीकृत दुकानदाराला आता त्याची खरेदी वहीत दाखवावी लागते. कागदाचा हा बोजा कोणत्याही दुकानदाराला आवडणार नाही, आणि तो कराचा भार भाव पाडून खालीच ढकलील अशी भीती रास्त आहे. तरीसुद्धा ज्या व्यापाराची आजवर कोठेही नोंद नव्हती, त्याची पहिली ओळ कोणाच्या तरी खतावणीत पडू लागली.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. इन्व्हर्टरची बॅटरी फोडताना शिसे आणि आम्ल यांचा संपर्क होतो, वायर जाळून तांबे काढताना विषारी धूर निघतो. हे काम बहुधा वस्तीतल्या मोकळ्या जागेत, लहान मुलांच्या सान्निध्यात चालते. म्हणून जुनी बॅटरी नवी घेताना विक्रेत्याकडेच परत द्यावी आणि संगणक, दूरदर्शन संच यांसारख्या वस्तू अधिकृत संकलन केंद्राकडे पाठवाव्यात. भंगारवाल्याला लोखंड, पितळ, तांबे, ॲल्युमिनियम, स्टीलची भांडी भरपूर पुरतील.

गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांवर या समाजातील अनेकजण अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार म्हणून काम पाहतात. त्यांच्यासाठी व्यवहार्य रीत अगदी साधी आहे. महिन्यातून एक ठरावीक वार, दोन तासांची वेळ, वाहनतळाचा एक कोपरा, शिक्क्याचा काटा आणि त्या दिवसाचे भाव फळ्यावर खडूने लिहिलेले. भंगारवाला शक्यतो एकच आणि नेहमीचा असावा. ओळख झाली की घासाघीसही माफक होते. सर्वसाधारण सभेत या ठरावाला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. मात्र त्याची एक प्रत फाटकावरच्या रखवालदाराला मराठीत आणि हिंदीत लिहून द्यावी, कारण ठराव समितीने केला तरी ‘कोणाकडे जायचे?’ हे विचारणारा तोच असतो.