नावाचा शोध आणि हक्काचा कागद

(नवदीक्षित कुटुंबांसमोर केलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय कुटुंबाच्या पूर्ववृत्ताचा शोध हा आहे, हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. गोत्र, प्रवर आणि सात पिढ्यांची नामावळी ही ज्यांच्या अभिमानाची साधने होती, त्यांच्याच अभिमानाखाली आपले वाडवडील शतकानुशतके भरडले गेले. मनुष्य जन्माने हीन ठरत नाही, कर्माने ठरतो, असे भगवान बुद्धांनी वसलसुत्तात सांगितले आहे. श्राद्धपक्ष व पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा आपण घेतली आहे. मग बौद्धाने आपल्या आजा-पणजांची नावे शोधीत दप्तरखान्याच्या पायऱ्या का झिजवाव्यात?

याचे उत्तर असे की, आपणांस पूर्वजांना पुजावयाचे नाही; त्यांना ओळखावयाचे आहे. त्यातून सत्य कळते, आणि जेथे हक्क कागदावाचून मिळत नाही तेथे हक्काचा पुरावाही हाती येतो. हे काम दुसऱ्या एका गांजलेल्या समाजाने कसे केले, ते आज मी आपणांस सांगणार आहे. तो समाज म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा. परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर पुढारी डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि अस्पृश्यांची स्थिती व त्यांच्या समाजाची स्थिती यांतील साम्य त्यांच्या नजरेस आणून दिले. तेव्हा ही तुलना मी माझ्या पदरची सांगत नाही.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. केंटकी राज्यात तर ती त्या वर्षाच्या डिसेंबरात, घटनेच्या तेराव्या दुरुस्तीनेच संपली. कारण लिंकन यांची १८६३ ची मुक्तिघोषणा त्या राज्यास लागू नव्हती. स्वातंत्र्य मिळाले, पण जमीन मिळाली नाही. तेव्हा १८७७ साली केंटकीतील काही कुटुंबे पश्चिमेच्या सरहद्दीकडे, कॅन्सस राज्यातील ओसाड माळावर गेली आणि तेथे त्यांनी निकोडीमस नावाचे गाव वसविले. झाड नाही, लाकूड नाही, म्हणून त्यांनी जमिनीत घरे खणली. विलियाना हिकमन या बाईंनी पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. त्यांच्या पतीने बोट दाखवून ‘हेच आपले गाव’ असे सांगितले, तेव्हा त्यांना केवळ जमिनीतून वर येणारा धूर दिसला, आणि त्या रडू लागल्या. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी या वसाहतकऱ्यांना अन्न दिले, असे तेथील वृद्ध सांगत आले. ज्या मूळ रहिवाशांना हुसकून ती भूमी सरकारने वाटावयास घेतली, त्यांच्याच हातचा हा घास होता, हेही आपण विसरू नये. १९९६ साली अमेरिकन सरकारने हे गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केले.

आता समजा, या गावातील एखाद्या कुटुंबाच्या आजच्या पिढीस आपले मूळ शोधावयाचे आहे. तिने आरंभ कोठून करावा? वंशशोधनाचा पहिला नियम असा की, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. आपल्यापासून आरंभ करावा, मग आईबाप, मग आजीआजोबा. एकही पायरी गाळू नये. प्रसिद्ध राजाचे वा सरदाराचे नाव आधी धरून तेथून आपल्यापर्यंत उतरू पाहणारा हमखास फसतो.

पहिले साधन खानेसुमारी. अमेरिकेची खानेसुमारी १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, आणि बहात्तर वर्षे लोटल्यावर तिच्यातील घराघरांची पत्रके लोकांस पाहावयास मिळतात. १९५० ची पत्रके २०२२ साली खुली झाली. १९०० च्या पत्रकात प्रत्येकाच्या जन्माचा महिना व वर्ष, लग्नास किती वर्षे झाली, आईला किती मुले झाली व त्यांतील किती जिवंत आहेत, घर स्वतःचे की भाड्याचे, एवढी माहिती मिळते. १८९० ची पत्रके मात्र जवळजवळ सर्व नष्ट झाली. १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत ती सापडली होती. येथे वीस वर्षांचा खड्डा पडतो. परंतु कॅन्सस राज्याने स्वतःची खानेसुमारी पाचाच्या वर्षी घेतली होती. तिच्या १८८५ च्या पत्रकात मनुष्य कोठून कॅन्ससमध्ये आला याचा एक रकाना आहे. त्या रकान्यात ‘केंटकी’ हा एक शब्द सापडला की शोधकाला मागची वाट सापडते.

दुसरे साधन जमिनीचे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखास १६० एकर सरकारी जमीन मिळे. अट एवढीच की पाच वर्षे तेथे राहून ती कसावी. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा व १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती यांमुळे कृष्णवर्णीय मनुष्य नागरिक ठरला आणि हा हक्क त्यालाही प्राप्त झाला. पाच वर्षांनंतर अर्जदाराला दोन साक्षीदारांसह पुरावा द्यावा लागे. घर केवढे, विहीर खणली काय, कुंपण किती, नांगरट किती एकर, पीक कोणते, घरात माणसे किती, हे सर्व त्या जबानीत येते. ही प्रकरणे आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. साक्षीदार बहुधा शेजारी असत, आणि शेजारी पुष्कळदा एकाच मूळ गावचे सोबती किंवा सोयरे असत. म्हणून जाणता शोधक केवळ आपल्या माणसाचे नाव पाहत नाही. साक्षीदारांची नावेही टिपून ठेवतो. मूळ अर्जदार मध्येच वारला तर त्याची विधवा किंवा वारस अट पूर्ण करून जमीन मिळवू शकत. तेथे कुटुंबाची नाती कागदावर उतरली.

याप्रमाणे मागे जाता जाता शोधक १८७० च्या खानेसुमारीपाशी येतो. वंशशोधक तिला ‘१८७० ची भिंत’ म्हणतात. मुक्त झालेल्या सर्व लोकांची नावे प्रथमच या खानेसुमारीत आली. तिच्यातही कुटुंबप्रमुखाशी नाते काय, हे लिहिलेले नाही. तो रकाना १८८० साली आला. आणि भिंतीपलीकडे काय आहे? १८५० व १८६० साली गुलामांची वेगळी पत्रके केली होती. त्यांत मालकाचे नाव आहे. त्याखाली ‘स्त्री, वय ३०’, ‘पुरुष, वय १२’, ‘मुलगी, वय २’ अशा ओळी आहेत. नावे, थोडे अपवाद सोडल्यास, नाहीत. १८६० साली अशी माणसे एकोणचाळीस लाखांहून अधिक होती. ज्या शासनाने त्यांना मोजले, त्याने त्यांना विचारले नाही की, तुझे नाव काय?

मग ती नावे कोठे राहिली? येथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. ती राहिली मालकांच्या मृत्युपत्रांत आणि वारसा-प्रकरणांत. मालक वारला की जिल्ह्याच्या न्यायालयाच्या हुकुमाने त्याच्या मालमत्तेची यादी होई. घोडा एक, नांगर दोन, पलंग एक, आणि त्याच यादीत गुलाम स्त्री, तिचे नाव, तिचे मूल, त्याचे नाव, आणि प्रत्येकासमोर डॉलरांत किंमत. मालमत्तेची वाटणी करावयाची म्हणजे कोण कोणाच्या वाट्यास गेला हे लिहावेच लागे. त्यासाठी नाव हवे. माणूस म्हणून ज्याचे नाव लिहिले गेले नाही, त्याचे नाव वस्तू म्हणून लिहिले गेले! आई मोठ्या मुलाच्या वाट्यास आणि तिची लेक धाकट्याच्या वाट्यास गेली, हे वाचताना आजच्या नातीच्या डोळ्यांत पाणी येते. तरीही ती त्या कागदाची नक्कल काढते. कारण तिच्या पणजीच्या नावाचा दुसरा कागद जगात नाही.

परंतु या शोधाचा शेवट त्या यादीत होत नाही. कॅन्ससमध्ये जमिनीचा मालक झालेला तो मुक्त मनुष्य पुढे वृद्ध होऊन वारतो, तेव्हा त्याचेही वारसा-प्रकरण न्यायालयात उभे राहते. त्या कागदात त्याची विधवा, मुलगे व मुली वारस म्हणून उभ्या असतात. केंटकीच्या यादीत आईचे नाव घोड्याशेजारी आणि कॅन्ससच्या यादीत तिच्या मुलांची नावे जमिनीच्या हक्कदारांत. दोन्ही कागद एकाच प्रकारच्या न्यायालयातले आहेत. त्यांच्यामधील अंतर कागदांवरून मोजता येते, आणि मुक्ती म्हणजे काय हे यातून जितके स्पष्ट होते तितके मोठ्या ग्रंथांतूनही होणार नाही.

या कामात सावधगिरी फार लागते. मुक्त माणसाने शेवटच्या मालकाचेच आडनाव घेतले असेल असे नाही. एकाच माणसाचे वय दोन खानेसुमाऱ्यांत दहाऐवजी सात वर्षांनी वाढलेले दिसते. सारखे नाव म्हणजे तोच मनुष्य, असे नव्हे. १९७६ साली ॲलेक्स हॅली यांचे ‘रूट्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि लाखो लोकांना आपले मूळ शोधण्याची प्रेरणा मिळाली. पण पुढे वंशशोधकांनी त्यातील वृत्तान्त दप्तराशी ताडून पाहिला, तेव्हा तो अनेक ठिकाणी जुळेना. परंपरेने सांगितले म्हणून, वडीलधारी माणसे म्हणतात म्हणून एखादी गोष्ट मानू नका, हा भगवंतांचा कालामांना केलेला उपदेश येथेही लागू आहे. आजीची गोष्ट हा पुरावा नव्हे. पुरावा कोठे शोधावा याची ती खूण आहे.

उपासक-उपासिकांनो, आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात खानेसुमारीची घरोघरची पत्रके लोकांस पाहता येत नाहीत. १९४८ च्या कायद्याने ती गुप्त आहेत. म्हणून आपली भिस्त गावदप्तरावर. कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, फेरफाराच्या नोंदी, जुने सातबारा आणि वतनाचे कागद ही आपली साधने आहेत. जुने कागद पुष्कळदा मोडी लिपीत असतात; म्हणून प्रत्येक वस्तीतील एका तरी तरुणाने मोडी शिकावी.

वतनाचे कागद आपणांस नकोसे वाटतात. वतन ही वेठबिगारीची बेडी आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली आणि ठरलेली रक्कम भरल्यास जमीन पूर्वीच्या वतनदारास परत देण्याची तरतूद झाली. तेव्हा ज्या कागदावर आपल्या पणजाची चाकरी लिहिली आहे, त्याच कागदावर आपल्या जमिनीचा हक्क उभा आहे. तो जाळून कसे चालेल?

जातीच्या नोंदीचेही तसेच. १९५६ नंतर अनेक कुटुंबांनी दाखल्यावर अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले, आणि ते योग्यच केले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. परंतु प्रमाणपत्रासाठी मूळ जात आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य यांचा पुरावा मागतात. पणजाच्या शाळेच्या नोंदीत ज्या शब्दाने त्याला दाराबाहेर बसविले, तोच शब्द आज पणतीला विद्यालयाचे दार उघडून देतो. तो शब्द दाखविणे म्हणजे तो स्वीकारणे नव्हे. जुलूम झाला होता, याची ती साक्ष आहे. आणि साक्षीवाचून न्याय मिळत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि त्यांच्या आईचे माहेर, आजोळ, जुने आडनाव, सोडलेले गाव हे सर्व वहीत लिहून ठेवा. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी व केव्हा सांगितली तेही लिहा. तहसिलीतून नकला काढा व एका पेटीत जपून ठेवा. आडनाव बदलले असेल तर बदलाच्या राजपत्राची प्रत त्याच पेटीत असू द्या, नाहीतर जुने नाव व नवे नाव यांमधील दुवा तुटेल. आणि वारसनोंद करताना मुलींची नावे गाळू नका. वारसाहक्काचा १९५६ चा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. ज्यांची नावे इतरांनी पुसली, त्यांनी आपल्याच लेकींची नावे पुसावीत, याहून मोठी विसंगती कोणती?

गाव नमुन्यातील आपल्या घराच्या पुढील ओळी आता आपणच लिहिणार आहोत. त्या खऱ्या लिहा, पूर्ण लिहा, आणि त्यांत कोणाचेही नाव राहू देऊ नका.

जय भीम. नमो बुद्धाय.